साप, झुरळ आणि पाऊस

पनामा कालव्याची गोष्ट आपण बहुतेकांनी ऐकलेली असते ती डासांची. आधी फ्रेंच आले, पीतज्वर आणि मलेरियाने त्यांची माणसं पटापट मेली. मग अमेरिकन आले, त्यांनी डासांचा बंदोबस्त केला आणि कालवा खणला. संपली गोष्ट! ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. डास गेले तरी डोंगर जागेवरच होता, आणि त्या डोंगरापेक्षाही अवघड होता तो त्याच्यावर वर्षातले आठ महिने पडणारा पाऊस.

आधी माझ्याबद्दल एक खुलासा. मी शिकलो सिव्हिल आणि पोटासाठी लिहितो कोड. (आमच्या बॅचचे निम्मे असेच आहेत, त्यात विशेष काही नाही.) चार वर्षांत जे शिकलो त्यातलं बरंचसं जावाच्या डबक्यात विरघळून गेलं, पण सॉईल मेकॅनिक्स मात्र डोक्यात टिकून राहिलं. त्या विषयात कुठलंही गणित सोडवण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: पाणी कुठे आहे? तुम्ही ज्या बिल्डिंगमध्ये बसून हे वाचताय, तिचा पाया खणतानाही कोणीतरी हा प्रश्न विचारला असेल (अशी आपली आशा!). पनामाची गोष्ट म्हणजे हा प्रश्न विचारायला किती उशीर झाला आणि त्याची किंमत कोणी दिली, याची गोष्ट आहे.

सुरुवात करूया फर्डिनांड द लेसेप्सपासून. हा गृहस्थ इंजिनिअर नव्हता, मुत्सद्दी होता. १८६९ साली त्याने सुएझ कालवा करून दाखवला आणि तो फ्रान्सचा हिरो झाला. सुएझ म्हणजे सपाट वाळवंट, पाऊस जवळपास नाहीच. तिथे उकरलेली वाळू कुठे टाकायची हा प्रश्न होता, पण ती रातोरात चिखल होऊन परत खड्ड्यात येईल ही भीती नव्हती. मे १८७९ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि ठरलं की पनामातही समुद्रसपाटीचाच कालवा खणायचा. लॉक वगैरे भानगड नको, एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात सरळ चर. परिषदेत गोदां द लेपिने नावाच्या एका इंजिनिअरने विरोध केला. त्याचं म्हणणं होतं की चाग्रेस नदीवर धरण बांधा, मोठा तलाव करा, आणि जहाजं लॉकमधून चढवा-उतरवा. म्हणजे पाण्याशी भांडू नका, त्याला कामाला लावा. त्याचं कोणी ऐकलं नाही. पस्तीस वर्षांनी कालवा उघडला तो साधारण याच कल्पनेवर!

यातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट म्हणजे तारखा. लेसेप्स पनामा बघायला पहिल्यांदा पोचला ३० डिसेंबर १८७९ ला. दुसऱ्यांदा गेला फेब्रुवारी १८८६ मध्ये. पनामात पाऊस साधारण मेपासून डिसेंबरपर्यंत पडतो आणि मधले चार महिने कोरडे. म्हणजे साहेब दोन्ही वेळेला कोरड्या हंगामात गेले. निळं आकाश, छान वारा, शांत वाहणारी चाग्रेस! हीच नदी पावसाळ्यात एका दिवसात तीस-पस्तीस फूट चढते. आपल्याकडे एखाद्याने फेब्रुवारीत माथेरान बघून ‘इथे वर्षभर काम चालू ठेवायला काहीच हरकत नाही’ असा रिपोर्ट द्यावा, तशातला प्रकार.

पावसाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. अटलांटिकच्या बाजूच्या कोलोन गावात वर्षाला साधारण ३३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या आसपास. डोंगर जिथे फोडायचा होता त्या कुलेब्राला त्याहून कमी, पण तरीही पुण्याच्या तिप्पट. कुलेब्रा म्हणजे स्पॅनिशमध्ये साप. आणि त्या खोदाईच्या शेजारचा जो उतार पुढे तीस-चाळीस वर्षं इंजिनिअरांची झोप उडवणार होता, त्याचं नाव कुकाराचा, म्हणजे झुरळ.

जानेवारी १८८२ मध्ये कुलेब्राला खोदाई सुरू झाली आणि पावसाळा आल्यावर कळलं की इथे पाऊस नुसतं काम थांबवत नाही, तो झालेलं काम उलटं करतो. कसं ते बघा. चिकणमाती कोरडी असते तेव्हा ढेकूळ म्हणून निघते. भिजली की यंत्राच्या बादल्यांना चिकटते, वॅगन उलटी केली तरी पडत नाही, माणसं लावून फावड्याने खरवडून काढावी लागते. खोदलेला माल वाहून न्यायला रूळ लागतात, आणि ते टाकलेले असतात त्याच मातीवर. माती मऊ झाली की रूळ सरकतात, गाडी घसरते, मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. तिसरी गोष्ट, माल टाकायचा कुठे? फ्रेंचांनी तो जवळच्या दऱ्यांमध्ये टाकला. पावसात ते ढिगारे भिजून सरकले आणि जाताना वरचे रूळही घेऊन गेले. आणि चौथी, सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे खुद्द खोदाईच्या भिंती खाली येऊ लागल्या.

आता एस्टिमेट करणाऱ्या माझ्या बांधवांनो, इकडे लक्ष द्या. एखादी भिंत उभी राहत नसेल तर तिचा उतार कमी करावा लागतो. उतार कमी करायचा म्हणजे वरून रुंद कापायचं. आणि खोली शेकडो फूट असेल तर उताराच्या कोनात थोडासा बदल केला की मातीचा आकडा लाखो घनमीटरने वाढतो. १८८० च्या तांत्रिक समितीने संपूर्ण कालव्यासाठी ७.५ कोटी घनमीटर खोदाईचा अंदाज दिला होता. १८८३ मध्ये ज्यूल दँगलेर हा नवा मुख्य इंजिनिअर आला आणि त्याने प्रत्यक्ष जागा बघून तो १२ कोटींवर नेला. स्कोप तोच, क्लायंट तोच, पण काम दीडपटीहून जास्त! या दँगलेरची मुलगी, मुलगा आणि मग बायको, सगळे पनामातच आजाराने गेले. १८८७ मध्ये कुकाराचाचा उतार पहिल्यांदा सरकला. त्याच वर्षी शेवटी लेसेप्सने लॉक बांधायला होकार दिला आणि त्यासाठी गुस्ताव्ह आयफेलला (हो, तोच टॉवरवाला) कंत्राट दिलं. पण उशीर झाला होता. फेब्रुवारी १८८९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्याबरोबर लाखो सामान्य फ्रेंच लोकांची बचत.

फ्रेंच काळात मेलेल्यांचा आकडा साधारण २२ हजार धरला जातो. सुरुवातीला मी ‘त्यांची माणसं’ असं लिहिलं, पण यातले बहुसंख्य फ्रेंच नव्हतेच. ते होते जमैका आणि आजूबाजूच्या बेटांवरून आलेले मजूर. आणि हे मृत्यूही पावसापासून फार लांब नाहीत. अर्धवट खणलेला प्रत्येक खड्डा, ज्याला निचरा नाही, तो डासांचा कारखाना असतो.

१९०४ मध्ये अमेरिकन आले. पहिलं वर्ष त्यांचंही गोंधळातच गेलं. मग १९०५ मध्ये जॉन स्टीव्हन्स आला. हा रेल्वेतला माणूस. त्याने येऊन चक्क खोदाई थांबवली! आधी घरं, पाणी, गटारं, रूळ, मग खणू. कुलेब्रा हा त्याच्या दृष्टीने खणण्याचा प्रश्न नव्हता, माती वाहून नेण्याचा होता. कामाची रचनाही अशी ठेवली की खोदाईचा मधला भाग उंच आणि दोन्ही बाजूंना उतार. त्यामुळे भरलेल्या गाड्या उताराने खाली जायच्या आणि पावसाचं पाणीही त्याच उताराने दोन्ही टोकांना निघून जायचं. शिवाय खोदाईला समांतर मोठे चर खणून आजूबाजूच्या ओढ्यांचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवलं. मुख्य खोदाईत पाणी येण्याआधीच त्याला दुसरी वाट द्यायची. आपला शेतकरी पावसाळ्याआधी बांधाला चर काढतो, तीच अक्कल, फक्त आकार अवाढव्य.

तरीही कॅलेंडर पावसाचंच राहिलं. कुलेब्रात सगळ्यात जास्त माती निघालेला महिना होता मार्च १९११, सुमारे १७ लाख घनयार्ड. मार्च, म्हणजे कोरड्या हंगामाचा ऐन भर!

आणि झुरळ काही मेलं नव्हतं. ऑक्टोबर १९०७ मध्ये जोरदार पावसानंतर कुकाराचाचा उतार निघाला. जवळपास ५ लाख घनयार्ड माल दिवसाला १४ फूट या वेगाने दहा दिवस सरकत होता. आजच्या भाषेत, दहा घनमीटरच्या डंपरच्या ३८ हजार खेपा. रूळ वाकले, स्टीम शॉव्हेल (वाफेवर चालणारा, आजच्या पोकलेनचा आजोबा) गाडले गेले. कुलेब्राचा प्रमुख होता डेव्हिड गेलार्ड. त्याने या प्रकाराची तुलना हिमनदीशी केली, फक्त बर्फाऐवजी चिखलाची. धाडकन कोसळणारी दरड एकदाच येते. ही रोज थोडी थोडी येत होती. आज उचललं की उद्या तेवढंच परत.

आता मूळ प्रश्न. पाण्याने माती सरकते का? ‘पाणी वंगणासारखं काम करतं’ हे उत्तर आपल्या सगळ्यांना पटतं, पण ते चूक आहे. माती म्हणजे एकमेकांवर टेकून उभे असलेले असंख्य कण. भिंत उभी राहते ती मुख्यतः त्या कणांमधल्या घर्षणामुळे, आणि घर्षण अवलंबून असतं कण एकमेकांवर किती दाबले गेलेत यावर. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरलं आणि त्याचा दाब वाढला की वरच्या वजनातला काही भार ते पाणी उचलतं. ऐकायला मदत वाटते ना? पण पाण्यात घर्षण नसतं. जितका भार पाण्याने घेतला, तितकी कणांची पकड सुटली. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगात असलेलं चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं, साधारण तसंच. म्हणजे पावसाने दोन गोष्टी एकदम होतात: मातीचं वजन वाढतं आणि ते पेलायची ताकद घटते.

हे नीट मांडलं कार्ल टर्झागीने, १९२० च्या दशकात. म्हणजे पनामा कालवा उघडून गेल्यावर! कुलेब्रा खणणाऱ्यांकडे अनुभव होता, निरीक्षण होतं, पण हा सिद्धांत नव्हता. पुढे १९३६ मध्ये, मृदा यांत्रिकीच्या पहिल्या जागतिक परिषदेत बोलताना, टर्झागीने या विषयाची गरज ज्या घटनांमुळे कळली त्यात पनामाच्या उतारांचा आवर्जून उल्लेख केला. आम्ही कॉलेजात ज्या पुस्तकाला शिव्या घालायचो, त्याच्या मुळाशी कुलेब्राचा चिखलही आहे तर!

भराव टाकण्याच्या बाबतीतही हाच उशीर. भराव कोरडा असेल तर रोलर कितीही फिरवा, नीट बसत नाही. फार ओला असेल तर रोलरखाली नुसता लिबलिबतो. मधे एक नेमका ओलावा असतो, ज्याला माती सगळ्यात घट्ट बसते. रव्याच्या लाडवांसारखंच, पाक कमी पडला तर भुगा, जास्त झाला तर बसके लाडू. हा ओलावा मोजून काढायची पद्धत प्रॉक्टरने लिहिली १९३३ मध्ये. त्यामुळे आज साईटवर पावसानंतर ‘दोन दिवस वाळू दे’ म्हणणारा सुपरवायझर आळशी नसतो. तो शास्त्रशुद्ध बोलत असतो.

मात्र पनामाने यापुढचा एक धडा दिला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९१३ मध्ये कुकाराचा पुन्हा सरकला आणि खोदाई आरपार बुजली. जानेवारी! म्हणजे पाऊस संपलेला. शिवाय तोपर्यंत आणखी एक भयंकर प्रकार सुरू झाला होता. बाजूच्या डोंगराच्या वजनाने खालचा मऊ थर दाबला जायचा आणि खोदाईचा तळच फुगून वर यायचा. भिंतीला काँक्रीटचा मुलामा देऊन पाहिला, तोही फुटला. शेवटी उपाय एकच, वरून वजन कमी करा. म्हणजे अजून खणा. कुलेब्रा गावातल्या इमारती मागे सरकवाव्या लागल्या. तळाशी ३०० फूट रुंद असलेली खोदाई वरती काही ठिकाणी १८०० फुटांपर्यंत गेली.

ऑक्टोबर १९१३ मध्ये बांध फोडून कुलेब्रात पाणी सोडलं, आणि उरलेला कुकाराचा ड्रेजरने उपसला. गेलार्ड त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेंदूच्या गाठीने गेला. त्याला काम पूर्ण झालेलं बघता आलं नाही. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा उघडला. सगळं झालं? नाही. सप्टेंबर १९१५ मध्ये दोन्ही बाजूंचे उतार असे सरकले की कालवा एप्रिल १९१६ पर्यंत बंद! आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये, उद्घाटनानंतर ७२ वर्षांनी, तेच झुरळ पुन्हा कालव्यात उतरलं.

याचं कारणही त्याच सिद्धांतात आहे. डोंगर कापला की खालच्या मातीवरचं ओझं कमी होतं. चिकणमाती मग हळूहळू फुगते, आणि फुगताना पाणी आत ओढते. चिकणमातीतून पाणी फार सावकाश जातं, त्यामुळे या प्रक्रियेला वर्षं लागतात, कधी दशकं. लंडनच्या आसपास रेल्वेसाठी एकोणिसाव्या शतकात कापलेले उतार कित्येक दशकांनी घसरले, ते यामुळेच. म्हणजे आज ठणठणीत दिसणारी भिंत उद्या पडणार नाही याचा तो पुरावा नव्हे. बाहेरचा पाऊस थांबतो, आतला चालूच राहतो. आपल्याकडे ‘टेस्टिंगमध्ये पास झालं होतं’ म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे बग खाली माणसं असताना येतो.

माणसांचं सांगायचं तर अमेरिकन काळात नोंद झालेले मृत्यू आहेत ५,६०९. त्यातले सुमारे साडेचार हजार बार्बाडोस, जमैका वगैरे बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर. १९६३ मध्ये यातल्या जिवंत असलेल्या म्हाताऱ्यांकडून आठवणी लिहून घेतल्या गेल्या. त्यात ओल्या कपड्यांच्या आठवणी आहेत: दिवसभर भिजायचं, रात्री कपडे वाळत नाहीत, सकाळी तेच ओले अंगावर चढवून परत खोदाईत. खोदाईला मात्र १९१५ मध्ये नाव मिळालं गेलार्डचं. कालवा पनामाच्या ताब्यात आल्यावर ते परत कुलेब्रा झालं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडे मध्य अमेरिकेत, आपल्याला काय त्याचं? कोकण रेल्वे आठवा. १९९० मध्ये काम सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. जांभा, त्याखालची मऊ चिकणमाती, रत्नागिरीचा पाऊस, आणि त्यातून कापलेल्या खोल खोदाया. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ उतारावरून दगड रुळांवर आले आणि गाडी त्यांच्यावर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, महाडच्या बाजूला तसाच अपघात. दोन्ही जूनमधले, आणि दोन्ही लाईन सुरू होऊन पाच-सहा वर्षांनी. त्यानंतर उतार कमी केले गेले, जाळ्या बसल्या, गस्त वाढली, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला गेला. तरीही जुलै २०२४ मध्ये गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. हा बोगदा खणतानाही मऊ मातीने जीव नकोसा केला होता.

म्हणून पावसाळ्यात कोकणात जाताना गाडी हळू चालते, तेव्हा वैतागायचं कारण नाही. ते वेळापत्रक म्हणजे कुलेब्रात जे लोक शिकले तेच आहे: कापलेल्या डोंगराचं काम उद्घाटनाला संपत नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच ठिकाणची. आपल्या शहरांच्या कडेच्या टेकड्या जिथे उभ्या कापल्या जातायत, आणि कापलेल्या भिंतीच्या पायथ्याशी पार्किंग आणि बाग दाखवली जातेय. तिथला फ्लॅट बघायला आपण जातो ते बहुतेक वेळा हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी, लेसेप्ससारखं निळ्या आकाशाखाली. सॅम्पल फ्लॅटमधल्या टाईल्स जरूर बघा. पण त्या मागच्या भिंतीतून पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का, वरच्या बाजूला चर आहे का, ते पाणी पुढे कुठे जातं, हेही विचारा. आणि जमलं तर एकदा जुलैमध्ये, धो धो पावसात जाऊन बघा.

असो. पुढच्या वीकेंडला भेटू.